विंडोज ११ मध्ये कोणता अपडेट कशाचा आणि तो बसला आहे की नाही, हे कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की, विंडोज अपडेटच्या यादीत केबी क्रमांकांची (मायक्रोसॉफ्ट अपडेटला देत असलेल्या ओळख-क्रमांकांची) रांग दिसते, परंतु त्यांतील भेद कळत नाही. सर्वप्रथम विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून 'विनव्हर' (winver) हा शब्द रोमन अक्षरांत टाइप करून एंटर दाबावे. उघडणाऱ्या चौकटीत '२४एच२' यांसारखी आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक (विंडोजची नेमकी घडण सांगणारा आकडा) दिसतो. त्यातील बिंदूपूर्वीचा आकडा, उदाहरणार्थ २६१००, आवृत्ती सांगतो व तो फीचर अपडेटनेच, म्हणजे विंडोजची नवी आवृत्ती आणणाऱ्या अपडेटनेच, बदलतो. बिंदूनंतरचा आकडा मात्र दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी (अमेरिकेच्या वेळेनुसार) येणाऱ्या सुरक्षा अपडेटने वाढत जातो. हे मासिक अपडेट संचयी असतात, म्हणजे ताज्या अपडेटमध्ये आधीच्या दुरुस्त्या सामावलेल्या असल्यामुळे मधला एखादा महिना यादीत नसला तरी काळजीचे कारण नाही.

सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या 'अपडेट हिस्टरी'त फीचर, क्वालिटी (वरील मासिक अपडेट यात येतात), ड्रायव्हर आणि डेफिनिशन असे गट वेगळे दाखवलेले असतात. केबी२२६७६०२ हा क्रमांक तेथे वारंवार दिसून अनेकजण गोंधळतात. तो डिफेंडर या विंडोजमधील अँटीव्हायरसच्या व्हायरस-व्याख्यांचा असून प्रत्येक वेळी आवृत्ती नवी असली तरी क्रमांक तोच राहतो. पॉवरशेल या आज्ञा टाइप करण्याच्या साधनातील 'गेट-हॉटफिक्स' (Get-HotFix) ही बसलेल्या अपडेटची यादी देणारी आज्ञा सोयीची असली, तरी ती सर्वच अपडेट दाखवीत नाही, म्हणून माझ्या मते मासिक अपडेटची खात्री बिल्ड क्रमांकावरूनच करावी: मायक्रोसॉफ्टच्या त्या केबीच्या पानावर शीर्षकातच बिल्ड दिलेला असतो, आणि बिंदूपूर्वीचा आकडा तोच असून आपला बिंदूनंतरचा आकडा तितका किंवा त्याहून मोठा असल्यास तो अपडेट बसलेला आहे.