मॅडमना खरं काय ते सांगा, ताई

ताई, १६ वर्षांचा मुलगा मारामारीच्या केसमध्ये निरीक्षणगृहात आहे, समोरच्या पोराचं डोकं फुटलंय, नातेवाईक म्हणतात वाया गेला, आणि तुम्ही मला विचारताय हा असा कसा निघाला. अहो, उत्तर तुमच्याच पत्रात आहे की, अगदी शेवटी घाईघाईत लिहिलेलं. बापाच्या गाडीचा आवाज आला की तो भरल्या ताटावरून उठायचा आणि धाकटीला घेऊन मोरीत जाऊन कडी लावायचा. तेव्हा तो पहिलीत होता!

आणि परिविक्षा अधिकारी मॅडम घरी चौकशीला आल्या तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, तर 'घरात तसं काही नाही'. नवरा शेजारीच बसलेला, कोण बोलेल म्हणा. पण त्यांचा सामाजिक तपास अहवाल बाल न्याय मंडळासमोर जातो, समुपदेशन, उपचार, पोरगं कुठे राहणार, हे ठरवताना तो बघतात. त्यात 'घर चांगलं' असं गेलं तर उरतं काय, पोरगंच वाईट.

लहानपणापासून मारहाण बघत वाढलेली बरीच पोरं कायम सावध असतात, कोणी नुसता हात उचलला तरी वाटतं आता पडणार, मग आधी हेच मारून मोकळे. झोप नाही, दचकणं, भडकणं असं तुम्ही लिहिलंय, त्याला माज म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा, त्यावर उपचार असतात. वेडाबिडा कोणी ठरत नाही (जाऊबाईंना बोलू दे काय बोलायचं ते). अर्थात त्या दुसऱ्या पोराला टाके पडलेत, त्याची जबाबदारी याला घ्यावीच लागेल.

तर नवऱ्याला न सांगता मॅडमना भेटा. तुमची भीती खरी आहे, घरात धोका आहे म्हटलं तर जामीन अडू शकतो, कायद्यात ते एक कारण आहेच. म्हणून भावाला सोबत न्या, तो ठेवून घ्यायला तयार आहे ना, मग तसा अर्जच द्या, मंडळ योग्य व्यक्तीच्या ताब्यात देऊ शकतं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. नोकरीचं टेन्शन आत्ता नको, मोठ्यांसारखा खटला चालला नाही तर ही केस पुढे आड येऊ नये अशी सोय २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे.

भेटीला गेलात की 'का केलंस' नको, झोप लागते का तेवढं विचारा. तुम्हालाच बोलावंसं वाटलं तर टेलिमानस १४४१६, मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे.

आणि धाकटी अजून त्याच घरात आहे, तिचं काय? नवरा कामावर गेला की १८१ ला, म्हणजे महिला हेल्पलाइनला, फोन लावा, उद्याच.