वाचकांचे प्रश्न : जुन्या व्हायोलिनचा ऑनलाइन लिलाव

प्रश्न : माझ्याकडे एक जुने व्हायोलिन आहे. पंधरा वर्षे मी ते वाजवले; आता खांद्याच्या दुखण्यामुळे वाजवणे थांबले आहे आणि ते पेटीत पडून राहण्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या हाती जावे असे वाटते. आत डोकावले की स्ट्राडिवारी हे नाव छापलेला कागद दिसतो. ऑनलाइन लिलावात ते ठेवताना हे नाव लिहावे का, सुरुवातीची बोली किती ठेवावी आणि वाद्य पाठवताना कोणती काळजी घ्यावी? सोबत गजही द्यायचा आहे.

उत्तर : प्रथम त्या कागदाविषयी, कारण अशा विक्रीत पुढे जे वाद होतात त्यांचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते. इटलीतील क्रेमोना येथील कारागीर आंतोनियो स्ट्राडिवारी 1737 मध्ये निवर्तले, आणि त्यांच्या हातची साधारण 650 वाद्ये आज शिल्लक आहेत असे मानले जाते. त्यांच्या नमुन्यावरची व्हायोलिने मात्र एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील सॅक्सनी, आजच्या झेक प्रजासत्ताकातील बोहेमिया आणि फ्रान्समधील मिरकूर येथे घाऊक प्रमाणात बनत असत आणि त्यांच्या आत हाच कागद डकवलेला असे. त्यामागे दर वेळी फसवणुकीचा हेतू होता असेही नाही. वाद्याचा घाट कोणाचा आहे, एवढेच तो कागद सांगत असे. कागदावर इंग्रजीत देशाचे नावही छापलेले असेल तर आपले व्हायोलिन बहुधा 1891 नंतरचे आहे, कारण आयात मालावर मूळ देशाचे नाव असलेच पाहिजे ही अट अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने घातली आणि ती पुढच्या वर्षी लागू झाली. तेव्हा शीर्षकात ते नाव घालू नये. वर्णनात मात्र ‘आत स्ट्राडिवारी नावाचा छापील कागद आहे, वाद्य त्या नमुन्यावरची प्रतिकृती आहे असे समजून विकत आहे’ असे सरळ लिहावे आणि कागदाचे छायाचित्र द्यावे. नाव पाहून येणारे हौशी ग्राहक त्यामुळे गळतील आणि ते गळालेलेच बरे.

वाद्य हातात न घेता, त्याचा आवाज समोर बसून न ऐकता खरेदीदार बोली लावणार असतो. म्हणून आपण ज्या खुणा लपवाव्याशा वाटतात, नेमक्या त्याच त्याला पाहायच्या असतात. एका शांत खोलीत व्हायोलिन हातात घेऊन बोटाच्या पेराने त्याच्या कडेकडेने हलकेच ठोकत जावे. जिथे सरस सुटला असेल तिथे भरीव आवाजाऐवजी फुटका, खडखडता आवाज येतो. सुटलेली शिवण ही मोठी खोट नव्हे, ती दुरुस्त करता यावी म्हणूनच जुने कारागीर सरस वापरत. लाकडाला गेलेली भेग मात्र वेगळी, आणि ती आतल्या साउंड पोस्टच्या (वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या बारीक लाकडी दांडीच्या) जागी, त्यातही पाठीच्या फळीला असेल तर किंमत फार उतरते. अशी भेग असल्यास ती तिरप्या उजेडात टिपावी, म्हणजे तिची लांबी स्पष्ट दिसेल. समोरून, पाठीकडून आणि दोन्ही बाजूंनी काढलेल्या छायाचित्रांखेरीज मानेच्या टोकाची कोरीव वळी, खुंट्या, घोडी (तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) आणि फिंगरबोर्डवर तारांनी पाडलेले चरे यांचीही जवळून घेतलेली छायाचित्रे असावीत. पाठीची लांबी मोजून द्यावी. पूर्ण मापाच्या व्हायोलिनची ती साधारण 356 मिलिमीटर असते.

शक्य असल्यास एक मिनिटाचे ध्वनिमुद्रणही जोडावे. आधी चारही तारा मोकळ्या वाजवाव्यात, मग एक संथ सप्तक. आवाजाला घुमारा आणणारी कोणतीही करामत करू नये. खांद्यामुळे आपल्याला वाजवता येत नसेल तर दुसऱ्या कोणाकडून वाजवून घ्यावे आणि तसे नमूद करावे. विकण्यापूर्वी वाद्य चकाकते करण्याचा मोह मात्र आवरावा. फर्निचरचे पॉलिश किंवा स्पिरिट लावून जुन्या व्हार्निशची वाट लावलेली व्हायोलिने मी पाहिली आहेत. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरे.

आता बोलीविषयी. बहुतेक ठिकाणी खरेदीदार आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे अंतिम किंमत पहिल्या क्रमांकाच्या इच्छुकापेक्षा दुसऱ्या क्रमांकाच्या इच्छुकावर ठरते. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये अशाच तत्त्वावरच्या लिलावाचे विश्लेषण मांडले होते. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की सुरुवातीची बोली नाममात्र ठेवली आणि इच्छुक एकच निघाला, तर व्हायोलिन त्या नाममात्र रकमेलाच जाईल. गर्दी जमेल या भरवशावर बोली अगदी तळाला ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या वस्तूचे ग्राहक मोजकेच असतात तिच्या बाबतीत मला तो पटत नाही. ज्या किमतीला वाद्य गेले तरी आपल्याला रुखरुख लागणार नाही, तीच सुरुवात ठेवावी किंवा सोय असल्यास राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली वाद्य विकले जाणार नाही ती रक्कम, नोंदवावी. ती ठरवताना लोक मागत असलेल्या किमती पाहू नयेत, प्रत्यक्षात झालेल्या विक्रीच्या नोंदी पाहाव्यात. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत आकडा हलला नाही तरी धीर सोडून लिलाव मागे घेऊ नये, कारण मुरलेले खरेदीदार मुद्दाम अखेरच्या क्षणी उतरतात.

गजाच्या टोकावरची पांढरी चकती हाडाची, प्लॅस्टिकची किंवा हस्तिदंताची असू शकते. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत आणि काही देशांत तो देशातल्या देशात विकणेही नियमांत बसत नाही. चांगले गज ज्या लाकडाचे करतात ते पर्नाम्बुकोही 2007 पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या यादीत आहे. गज दुरुस्त करणाऱ्या कारागिराला तो आधी दाखवावा. शंका उरली तर व्हायोलिन गजाशिवाय विकणे हा सोपा मार्ग आहे.

पाठवताना तारा थोड्या सैल कराव्यात, पण पूर्ण उतरवू नयेत. साउंड पोस्ट चिकटवलेला नसतो, तो दोन फळ्यांमध्ये केवळ दाबाने उभा असतो आणि ताण गेला की आडवा पडू शकतो. घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाच्या घड्या ठेवाव्यात, गजाचे केस सैल करावेत, आणि पेटी तिच्यापेक्षा मोठ्या खोक्यात सर्व बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर भर घालून बसवावी. बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र ठेवून विमा पूर्ण किमतीचा उतरवावा. खोके तापत्या गाडीत पडून राहिले तर सरस मऊ होतो, म्हणून कडक उन्हाळ्यात चार आठवडे थांबता आले तर थांबावे.

प्रश्न : माझ्या सॅक्सोफोनवर बोली येत नाही. रंग भरावा म्हणून भावाने एक-दोन बोली लावल्या तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. अशी बनावट बोली बहुतेक सर्व लिलावांच्या नियमांत निषिद्ध आहे आणि अनेक देशांत ती कायद्याने गुन्हा ठरते. शिवाय भावाचीच बोली वरचढ ठरली तर शुल्क भरून सॅक्सोफोन घरातच राहील. त्यापेक्षा वाद्यावर कोरलेला अनुक्रमांक वर्णनात दिला आहे का ते पाहावे, कारण कित्येक उत्पादकांच्या बाबतीत त्यावरून निर्मितीचे वर्ष काढता येते आणि जाणकार आधी तोच शोधतात. छिद्रे झाकणाऱ्या गाद्या हवा धरतात की नाही, नळीला पोचे कुठे आहेत, हेही लिहावे. एवढे करूनही बोली आली नाही तर सुरुवातीची किंमत थोडी खाली आणून पुन्हा लिलाव लावावा. मध्येच कोणी ‘लिलावाबाहेर सौदा करू, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा धनादेश पाठवतो, वरची रक्कम मला परत करा’ असे कळवले तर त्याला उत्तरही देऊ नये; असा धनादेश काही दिवसांनी न वटता परत येतो आणि तोवर आपले पैसे गेलेले असतात.