दिवाळीनंतर लॉनमध्ये माजलेलं रान

रत्नागिरीच्या बंगल्यातली हरळीची लॉन रानाने भरलीय, व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे थंडीत ग्लायफोसेट (हिरवं दिसेल ते सगळंच मारणारं तणनाशक) मारू का, असं तुम्ही विचारलंय. मारू नका. तो सल्ला बर्फ पडणाऱ्या मुलखातला आहे. तिकडे थंडीत हरळी वाळून पिवळी पडते, हिरवं असतं ते फक्त तण, म्हणून औषध तणालाच लागतं. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही पहाटेचा पारा सहसा १५ अंशांखाली उतरत नाही. हरळीची वाढ मंदावते, पण ती हिरवीच राहते. तणाबरोबर लॉनही जाईल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ओसाडी, दुधी (भोपळा नव्हे, चीक येणारं तण) आणि परिपाठ ही तणं दिसतायत. तिन्ही वर्षायू, म्हणजे वर्षभरात मरून बियांवरच पुन्हा उगवणारी, बी पडू दिलं नाही तर पुढच्या वर्षी निम्मी कटकट कमी. (कडेला लव्हाळा आहे, त्याला जमिनीत गाठी असतात, तो असा जायचा नाही.) त्यातही पहिली ओसाडी काढा. तिचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं, त्यामुळे निळसर तुरे दिसायच्या आत बेणणी उरकायला हवी. जांभ्यावरची माती सुकली की दगडासारखी होते आणि मूळ तुटतं, म्हणून संध्याकाळी पाणी द्या आणि सकाळी खुरपीने काढा. फुललेलं रान कंपोस्टच्या खड्ड्यात नको.

रोज संध्याकाळी नळीने शिंतोडे उडवण्याची सवय असेल तर ती मोडा. वरची माती सतत ओली राहिली की परिपाठाचं फावतं. दोन-तीन दिवसांआड, पण भरपूर पाणी द्या. लॉन अगदी बुडाशी कापू नका, उघड्या मातीवर ऊन पडलं की बी रुजतं. शेणखत टाकायचंच तर पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणातून गुरांनी खाल्लेल्या रानाचं बी थेट लॉनमध्ये येतं.

हाताने आवरण्यापलीकडे गेलं असेल तर रुंद पानाच्या तणासाठी २,४-डी हे तणनाशक आहे, हरळी ते सोसते. मात्र एस्टर प्रकार घेऊ नका, त्याची वाफ उडते. अमाईन किंवा सोडियम मिठाचा प्रकार घ्या, लेबलवरच्या प्रमाणातच, आणि आधी एका कोपऱ्यात मारून बघा. फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना करा. दुपारी समुद्रावरचं वारं सुटलं की फवारा शेजारच्या वालावर, मिरचीवर, मोहोरलेल्या कलमांवर जातो आणि मग शेजाऱ्याशी बोलाचाली.

पेंडीमेथालिन (तणाचं बी रुजतानाच मारणारं औषध) आत्ता मारणं म्हणजे पैसे वाया, ते उगवलेल्या तणावर चालत नाही. पुढच्या वर्षी पाऊस ओसरताना, नवरात्राच्या सुमारास, नवं बी रुजण्याआधी टाका आणि वरून हलकं पाणी द्या.