उंदीर मेला, पण कशानं?

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

उदगीरची पशुवैद्यकाची पदवी हातात आली, आता पुण्याला घातक विषाणूंच्या कामात जायचं मनात आहे, पण एक गोष्ट गळी उतरत नाही, असं तू लिहिलंस. देवणी गाई आणि उस्मानाबादी शेळ्या वाचवायला शिकलेल्या हातांनी धडधाकट जनावराला मुद्दाम आजारी कसं पाडायचं? हा प्रश्न सुटणार नाही आणि सुटूही नये. ज्याला तो पडतच नाही, त्याच्या ताब्यात मी पिंजरा देणार नाही. पण त्याचं बरंचसं उत्तर कामाच्या दर्जात असतं, म्हणून आधी कामाबद्दल लिहितो.

नवखा माणूस विचारतो, कोणता प्राणी वापरू? तू आधी ठरव, मला नेमकं काय शोधायचंय. कोविडचंच बघ. मूळ विषाणूला साध्या उंदराच्या पेशीवरच्या एसीई-२ला, म्हणजे विषाणू ज्याला धरून आत शिरतो त्या प्रथिनाला, नीट चिकटताच येत नव्हतं, त्यामुळे उंदीर आजारीच पडेनात. मग २००७ साली पहिल्या सार्ससाठी जाहीर झालेली, माणसाचा एसीई-२ घातलेली उंदरांची जात कामी आली. हे उंदीर पटापट मरतात, त्यामुळे औषधानं जीव वाचतो का हे बघायची सोय झाली. पण त्यांच्या मेंदूच्या स्लाइड काढल्या की दिसतं, विषाणू मेंदूत शिरलाय आणि मरणाला बऱ्याच अंशी तेच कारण आहे. माणसं गेली ती मुख्यतः फुप्फुसांनी. हॅम्स्टर, म्हणजे उंदरासारखाच एक छोटा प्राणी, सहसा मरत नाही. वजन घटतं, न्यूमोनिया होतो आणि काही दिवसांत सावरतो. तुझा प्रश्न फुप्फुसाचा असेल, तर मेलेल्या उंदरापेक्षा जगलेला हॅम्स्टर जास्त शिकवतो.

डोस आणि मार्ग बदलला तरी आजार बदलतो. हॅम्स्टरच्या नाकातून निपाह जास्त दिला तर श्वास कोंडून जातो, कमी दिला तर पुढे मेंदूची लक्षणं दिसतात. प्राणी तोच, विषाणूही तोच. म्हणून कोणताही पेपर वाचताना निष्कर्षाआधी डोस आणि मार्ग बघत जा.

आता आपल्या गोठ्याजवळचा विषय. क्रिमियन-काँगो ताप. २०११च्या जानेवारीत गुजरातेत साणंदजवळ तो देशात पहिल्यांदा माणसांत सापडला. हायलोमा जातीची गोचीड तो पसरवते. गाय, शेळी यांच्या रक्तात विषाणू काही दिवस राहतो आणि जनावर मजेत चरत असतं. माणसाला मात्र रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. प्रौढ उंदीरही धड राहतो. मग इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराच्या पहिल्या बचावाची, वाट तोडलेले उंदीर वापरावे लागले. ते मरतात, औषध तपासता येतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती आपणच मोडली, त्याच्याकडून लशीबद्दल मिळालेलं उत्तर जपूनच घ्यायला हवं. सायनोमोल्गस माकडांतलं मॉडेल, म्हणजे माणसाच्या आजाराची नक्कल दाखवणारा प्राणी, थेट २०१८ साली पुढे आलं. ज्या आजाराचा धोका आपल्या पशुपालकांना आहे, त्यात इतकी वर्षं चांगला प्राणी नव्हता, ही बाब मला फार लागते. तू यात उतरावंस असं मला वाटतं, त्याचं मोठं कारण हेच.

चांगलं मॉडेलही हमी देत नाही. देवीची माणसांत चाचणी शक्यच नव्हती, म्हणून देवीवरच्या टेकोव्हिरिमॅट या औषधाला २०१८ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली, तेव्हा परिणामाचा पुरावा माकडांचा आणि सशांचा होता. पुढे २०२४ साली काँगोत एमपॉक्सच्या, म्हणजे देवीच्याच कुळातल्या आजाराच्या, रुग्णांवर त्याच औषधाची चाचणी झाली, तर फोड लवकर बरे झाले नाहीत. प्राण्यांवरचं काम वाया गेलं असं मी म्हणणार नाही. त्यानं पुढची पायरी दाखवली, पायरी चढून दिली नाही.

आणि तुझा मूळ प्रश्न. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या १९६०च्या कायद्याखालची समिती आहे, संस्थेची एथिक्स कमिटी आहे, त्यांचे फॉर्म तू भरशीलच. पण जनावराचे हाल थांबतात ते ह्यूमेन एंडपॉइंट नीट लिहिल्यानं. वजन किती घटलं, अंग किती गार पडलं, हाक दिल्यावर हालचाल कशी, या खुणांवर प्राण्याला केव्हा वेदनारहित मरण द्यायचं हे आधीच ठरलेलं असावं. बीएसएल-४मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेत, सूट घालून, जाड हातमोज्यांतून, काचेपलीकडचं जनावर बघावं लागतं. तिथे हात लावून ताप कळत नाही. कुबड काढून बसलेला, केस फिस्कारलेला, खाण्याकडे पाठ फिरवलेला प्राणी नुसत्या नजरेनं ओळखावा लागतो. कळपात वाढलेल्या तुझ्याकडे ती नजर आहे, शहरातल्या हुशार पोरांना ती कमवावी लागते.

पुण्याला जाईपर्यंत कॉलेजात होईल ते प्रत्येक पीएम (शवविच्छेदन) बघ. केसपेपर न वाचता अवयव बघ, दिसेल ते लिहून काढ, मगच हिस्टरी जुळव. पुढे संसर्ग दिलेल्या आणि न दिलेल्या प्राण्यांच्या स्लाइड तुझ्यासमोर येतील, तेव्हा कोणती कुणाची हे तुला सांगितलेलं नसेल.

प्रस्ताव लिहून झाला की आधी मला पाठव. एंडपॉइंटचं पान मी सगळ्यात आधी वाचीन.

तुझे सर,
परभणी