शिकारीचे बाण बनवून घ्यावेत की घरी पिसं लावावीत? खर्चाचा हिशेब

तुम्ही विचारलंय की मापाप्रमाणे बनवून मिळणारे शिकारीचे बाण फार महाग वाटतात, तर सुटा माल आणून घरीच पिसं लावली तर पैसे वाचतील का, आणि वाचले तर किती. मी दोन्ही मार्गांनी बाण वापरले आहेत. सुरुवातीची काही वर्षं बनवून घेतले, नंतर हळूहळू सगळं काम घरी आलं. त्यामुळे आधी थेट उत्तर देतो. पहिल्या डझनावर एक पैसाही वाचत नाही, उलट जास्त जातात. पुढे वाचतात, पण नवे बाण बनवण्यात नव्हे. वाचतात ते जुने बाण दुरुस्त करण्यात.

हे कसं, ते बाणाचे भाग सुटे केले की कळतं. शाफ्ट म्हणजे बाणाची काडी, मागचा नॉक म्हणजे दोरी अडकवायची खाच, पुढचा इन्सर्ट म्हणजे टोक ज्यात बसतं ती पुंगळी, टोक, आणि तीन किंवा चार व्हेन (प्लास्टिकची पिसं) किंवा खरी पिसं, एवढाच माल. यात सगळ्यात महाग शाफ्ट. चांगला सरळ कार्बन शाफ्ट तुम्ही घ्या नाहीतर बनवणाऱ्याने घेऊ द्या, त्याची किंमत बाणात राहतेच. उलट तो घाऊक घेतो आणि तुम्ही डझनभर घेता, म्हणजे मालात तोच स्वस्तात असतो. व्हेन, गोंद आणि नॉक यांचा खर्च शाफ्टच्या मानाने किरकोळ आहे. म्हणजे घरी काम करून तुम्ही वाचवता ती फक्त त्याची मजुरी.

ही मजुरी मात्र खरी आहे. पिसं बसवणं हे पूर्वीपासून वेगळं कसब मानलं गेलंय. लंडनमध्ये धनुष्य करणारे आणि बाण करणारे एकाच संघात होते, आणि १३७१ मध्ये बाणवाल्यांनी नगरप्रमुखाकडे अर्ज करून आपला धंदा वेगळा करून घेतला. एकाच माणसाने दोन्ही कामं केली तर दोन्ही नीट होणार नाहीत, हे तेव्हाच लोकांना पटलेलं होतं. त्यामुळे कोणी आपल्या कामाचे पैसे मागतो तेव्हा मला ते गैर वाटत नाही. फक्त तो नक्की कोणतं काम करतोय हे विचारलं पाहिजे.

कारण ‘कस्टम’ या एका शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात तुम्ही व्हेनचा रंग निवडता, शाफ्टवर नाव किंवा नक्षीचा रॅप चिकटवून घेता, लांबी सांगता आणि बाण येतात. हे तुम्ही घरी सहज करू शकता, त्याला जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. दुसऱ्या प्रकारात बनवणारा प्रत्येक शाफ्ट फिरवून त्याची कडक बाजू शोधतो आणि डझनातल्या सगळ्या बाणांची ती बाजू नॉकच्या एकाच दिशेला आणतो. दोन्ही टोकं घासून काटकोनात आणतो, तुमच्या धनुष्याच्या ताणाप्रमाणे इन्सर्टचं वजन ठरवतो आणि तयार बाण काट्यावर तोलून जुळवतो. हे काम घरी करायला साधनं लागतात आणि सवय लागते. एकदा मी भरपूर पैसे मोजून एका विक्रेत्याकडून डझन बाण घेतले. हातावर फिरवून बघितले तर तीन बाणांची टोकं डगमगत होती. विचारलं तेव्हा कळलं की टोकं काटकोनात घासलेलीच नव्हती. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी तीनच प्रश्न विचारतो: कडक बाजू जुळवता का, टोकं घासता का, आणि डझनातल्या सगळ्यात हलक्या व सगळ्यात जड बाणात किती ग्रेनचा (वजनाचं बारीक माप) फरक असतो. ज्याला ही उत्तरं पटकन देता येतात त्याला पैसे द्यायला माझी हरकत नाही.

स्पाइनचं, म्हणजे शाफ्टच्या कडकपणाचं, एवढं महत्त्व का, तेही सांगतो, कारण घरी बाण करणाऱ्याचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. २८ इंचांवरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मध्यभागी १.९४ पौंडांचं वजन टांगलं की तो जितका लवतो, तो त्याचा स्पाइन. ०.४०० इंच लवला तर तो ४०० चा शाफ्ट. आकडा लहान, तितका शाफ्ट कडक. पण ही मोजणी टेबलावरची झाली. धनुष्यातून सुटताना तोच शाफ्ट कापून आखूड केला असेल तर जास्त कडक वागतो आणि पुढे जड टोक लावलं तर जास्त मऊ वागतो. मी घरी कापलेला पहिलाच डझन एक इंच आखूड कापला. माप चुकीच्या ठिकाणाहून धरलं होतं, आणि एक कापून, मारून बघण्याऐवजी बाराही एकदम कापले. सगळे बाण एका बाजूला जायला लागले. ते बाण माझ्या काही कामाचे उरले नाहीत, आणि पुढच्या कितीतरी डझनांत वाचणारी मजुरी त्या एका संध्याकाळी गेली. म्हणून सांगतो, आधी एकच कापा, तोही थोडा लांब ठेवून, आणि मारून बघा.

आता साधनांकडे. पिसं बसवायला जिग लागतो, म्हणजे बाण आणि व्हेन नेमक्या जागी धरून ठेवणारा साचा. एका वेळी एक व्हेन धरणारा क्लॅम्पचा जिग सावकाश चालतो, पण हवा तसा कोन देतो. बिट्झेनबर्गरचा जिग याच जातीचा, आणि नीट वापरला तर पिढीभर टिकतो. तीनही व्हेन एकदम धरणारे जिग झटपट काम उरकतात, मात्र कोन बहुधा त्यांनी ठरवलेलाच असतो. मग ग्रेन दाखवणारा वजनकाटा, टोकं घासायचं साधन, आणि कापायला जोरात फिरणाऱ्या घासचकतीची करवत. यातली करवत सगळ्यात महाग, आणि तीच सगळ्यात धोक्याची. कार्बनची धूळ फुफ्फुसात जाऊ देऊ नये; मास्क आणि धूळ ओढून घेणारं यंत्र नसेल तर कापूच नका. पाइप कापायचं कटर किंवा दातांची हातकरवत कार्बनला लावली की तंतू फाटतात, आणि ती चीर डोळ्यांना दिसेलच असं नाही.

हिशेब साधा आहे. मनासारख्या तयार डझनाची किंमत घ्या, त्यातून त्याच शाफ्टच्या सुट्या मालाची किंमत वजा करा. उरलेली रक्कम म्हणजे एका डझनामागची बचत. साधनांच्या एकूण खर्चाला तिने भागा. समजा साधनं त्या बचतीच्या पाचपट पडली, तर पाच डझन बाण केल्यावर तुम्ही बरोबरीला येता, तेही एकही शाफ्ट वाया गेला नाही तर. वर्षाला तीन-चार बाण हरवणाऱ्या शिकाऱ्याला पाच डझन किती वर्षं पुरतील याचा विचार करा. तो हिशेब बघून बरेच जण इथेच थांबतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबरही आहे.

पण या भागाकारात दुरुस्ती धरलेली नसते. सराव करताना शाफ्ट क्वचित मोडतो, व्हेन मात्र सतत फाटतात. बाण लक्ष्यातून आरपार गेला, दुसऱ्या बाणाला घासला, गवतात शिरला की एखादी व्हेन गेलीच. ज्याच्याकडे जिग नाही त्याच्यासाठी तो बाण कोपऱ्यात जातो आणि शेवटी नवा डझन येतो. ज्याच्याकडे जिग आहे तो तीन व्हेन आणि चार थेंब गोंदात तोच बाण पुन्हा उभा करतो. सगळ्यात महाग भाग, म्हणजे शाफ्ट, शाबूत असतो. नियमित सराव करणाऱ्याचा जिग त्यामुळे पाच डझनांची वाट बघत नाही, खूप आधी वसूल होतो. माझ्याकडे असे शाफ्ट आहेत ज्यांच्यावर चार वेळा नवी पिसं चढली.

म्हणून माझा सल्ला मधला आहे. शाफ्ट तुमच्या लांबीला कापून आणि इन्सर्ट बसवून घ्या; बरेच विक्रेते हे काम थोड्या पैशांत करतात. करवत घेऊ नका. जिग मात्र चांगला घ्या आणि पिसं स्वतः लावा. सगळ्यात महाग साधन टळतं, कापण्यातली माझ्यासारखी चूक टळते, आणि जिथे खरोखर पैसे वाचतात ते काम तुमच्या हातात राहतं.

दोन ठिकाणी हा सल्ला बदलतो. लाकडी बाण मारत असाल तर सगळंच घरी करा. तिथे काडी स्वस्त असते आणि तयार बाणाची किंमत जवळजवळ सगळी मजुरीच असते: काड्या स्पाइनप्रमाणे निवडणं, सरळ करणं, टोकाला ५ अंशांचा आणि नॉकला ११ अंशांचा निमुळता आकार देणं, रोगण लावणं. वेळ लागतो, पण बचत पहिल्या डझनापासून दिसते. आणि हात बसेपर्यंत शिकायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम घ्या. २११७ असा आकडा दिसला तर व्यास २१/६४ इंच आणि नळीच्या भिंतीची जाडी ०.०१७ इंच, इतकं ते सोपं आहे. त्यातला इन्सर्ट गरम गोंदाने बसतो आणि चुकला तर गरम करून काढता येतो. कार्बनला तशी उष्णता दिली तर शाफ्टच खराब होतो.

शिकारीच्या बाणाबद्दल एक गोष्ट मी पैशांच्या वर ठेवतो. पात्याचं टोक लावलं की बाणाच्या पुढच्या बाजूलाही पंख आल्यासारखं होतं, आणि मागची पिसं त्याला आवरण्याइतकी समर्थ नसली तर बाण भरकटतो. म्हणून सरळ लावलेल्या व्हेन नकोत. थोडा तिरका कोन किंवा पीळ हवाच. खरी पिसं वापरत असाल तर एका बाणावर सगळी एकाच बाजूच्या पंखातली हवीत, आणि क्लॅम्पचा पीळही त्याच बाजूचा. खरं पीस प्लास्टिकच्या व्हेनपेक्षा हलकं असतं आणि बाणाला लवकर सरळ करतं, पण भिजलं की बसतं. पावसात जाणार असाल तर प्लास्टिकच बरं.

तोलही बघा. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत बाण २८ इंच असेल आणि टोक लावून तो १७.५ इंचांवर तोलत असेल, तर मध्यापासून ३.५ इंच पुढे, म्हणजे लांबीच्या १२.५ टक्के. शिकारीसाठी साधारण १० ते १५ टक्के लोक पसंत करतात. घरी बनवताना हा आकडा तुम्ही इन्सर्टच्या वजनाने ठरवू शकता, आणि मला त्यात फार समाधान मिळतं. मात्र ग्रेनच्या मागे फार लागू नका. एका ग्रॅममध्ये १५.४३ ग्रेन असतात. शिकारीच्या अंतरावर तीन-चार ग्रेनच्या फरकाने काही बिघडत नाही, वाकड्या बसलेल्या पात्याने बिघडतं. प्रत्येक बाण टोकावर उभा करून भिंगरीसारखा फिरवा. डगमगला तर तो सरावात ठेवा, जनावरावर सोडू नका. चुकलेल्या बाणाने जनावर जखमी होऊन तासन्‌तास तडफडतं, आणि ते टाळणं ही बाण बनवणाऱ्याचीही जबाबदारी आहे. परवाना आणि पात्याच्या रुंदीचे नियम तुमच्या भागात काय आहेत ते अर्थातच आधी बघून घ्या.

आणि कार्बनचा बाण प्रत्येक वेळी मारण्याआधी दोन्ही हातांनी हलकाच वाकवून, फिरवून, कान देऊन ऐका. करकर आली तर तो मोडून टाका. तडा गेलेला शाफ्ट दोरी सोडताना फुटला तर तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. जुनी व्हेन खरवडताना पातं शाफ्टमध्ये रुतलं तरी तोच नियम. दुरुस्तीत वाचलेले पैसे हाताइतके मोलाचे नाहीत.

सुरुवात करायची तर नवा माल मागवायच्या आधी एक करा. कोपऱ्यात पडलेले दोन-तीन फाटक्या व्हेनचे बाण काढा. बोथट पात्याने जुना गोंद सावकाश खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्या जागेला पुन्हा बोट लावू नका. बोटाच्या तेलानेच बहुतेक व्हेन सुटतात. व्हेनच्या तळाला गोंदाची एकच बारीक रेघ द्या, कोणाच्या तरी उसन्या जिगचा क्लॅम्प दाबून धरा, आणि तीनही बसल्यावर प्रत्येकीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एक-एक थेंब टाका. रात्रभर राहू द्या. सकाळी अंगठ्याने व्हेन बाजूला ढकला. फाटली पण सुटली नाही, तर स्वतःचा जिग घ्यायला हरकत नाही. सुटून आली, तर बहुधा पुसण्यात कसर राहिली. अल्कोहोलचा बोळा घेऊन पुन्हा करा.