रुल्फोच्या गावात कॅमेरा नेण्यापूर्वी

चि. …,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. हुआन रुल्फो या मेक्सिकन लेखकाच्या, कुत्र्यांच्या भुंकण्याची वाट पाहणाऱ्या बापाच्या कथेवर तुला लघुपट करायचा आहे, आणि त्याआधी रुल्फोच्या लेखनावर निघालेले कोणते चित्रपट पाहावेत, असे तू विचारले आहेस. नावे सांगतोच, पण तुझ्या आराखड्यातले पहिलेच दृश्य वाचून मी थबकलो. चांदण्यात पसरलेला ओसाड मुलूख, त्यातून सरकणारी एक लांबलचक सावली आणि दूर क्षितिजाशी गावाचे मिणमिणते दिवे, असे ते दृश्य तू उंचावरून घेणार आहेस. दृश्य देखणे होईल यात शंका नाही, पण त्याने कथा पहिल्याच मिनिटात संपेल.

कथा पुन्हा वाच. म्हातारा बाप आपल्या जखमी मुलाला खांद्यावर बसवून रात्रभर तोनाया गावाकडे चालतो आहे, कारण तिथे डॉक्टर आहे असे त्याने ऐकले आहे. मुलाने बापाचे डोके घट्ट धरल्यामुळे बापाचे कान झाकले गेले आहेत. म्हणून तो वरच्या मुलाला पुन्हापुन्हा विचारतो, की दिवा दिसतो का, कुत्री ऐकू येतात का. मुलगा वाटमारीला लागलेला, माणसे मारलेला. बाप त्याला बोल लावतो आणि मेलेल्या बायकोखातर वाहूनही नेतो. शेवटी गावात पोहोचल्यावर तो मानेभोवतीची मुलाची बोटे सोडवतो, आणि तेव्हा कुठे त्याला चहूकडून कुत्री भुंकत असल्याचे ऐकू येते. मुलाने एवढी आशासुद्धा आपल्याला दिली नाही, असे तो म्हणतो. सारी कथा एका माणसाला काय ऐकू येत नाही यावर उभी आहे, आणि तू तर प्रेक्षकाला बापाच्या कितीतरी आधी गाव दाखवून मोकळा होतो आहेस.

रुल्फोला पडद्यावर आणू पाहणाऱ्या बहुतेकांची अडचण हीच झाली आहे. १९१७ साली हालिस्को प्रांतात जन्मलेल्या या माणसाने लहानपणीच वडिलांचा खून आणि पाठोपाठ आईचा मृत्यू पाहिला. क्रिस्तेरो बंडाळीच्या, म्हणजे सरकारविरुद्ध कॅथलिक शेतकऱ्यांनी केलेल्या उठावाच्या काळात ओस पडत चाललेली गावे त्याच्या डोळ्यांसमोरची होती. १९५३ साली त्याचा कथासंग्रह आला, १९५५ साली ‘पेद्रो पारामो’ ही लहानशी कादंबरी आली, आणि तेवढ्यावर त्याची कीर्ती उभी आहे. त्या कादंबरीचे आधीचे नाव होते ‘कुजबुज’. बापाच्या शोधात कोमाला गावी आलेला हुआन प्रेसियादो ज्यांच्याशी बोलतो ती माणसे मेलेली आहेत, हे त्याला आणि वाचकाला हळूहळू कळत जाते. पुढे अर्ध्या वाटेवर तोही त्या कुजबुजीनेच मरतो आणि उरलेली गोष्ट थडग्यातून ऐकत राहतो. कागदावर आवाजाला देह लागत नाही. पडद्यावर मात्र मेलेल्या बाईला नटी लागते, तिला लुगडेकपडे लागतात, तिच्यावर प्रकाश टाकावा लागतो, आणि एवढे केल्यावर ती जिवंत बाईच दिसू लागते.

कार्लोस वेलोचा १९६७ सालचा ‘पेद्रो पारामो’ याच ठिकाणी अडखळला. पटकथालेखकांत कादंबरीकार कार्लोस फुएन्तेस होता, छायाचित्रण गाब्रिएल फिगेरोआचे होते आणि मुख्य भूमिकेत हॉलीवूडचा जॉन गॅविन. फिगेरोआने मेक्सिकोचे आभाळ असे काही टिपले आहे की त्या देशाची प्रतिमाच अनेकांच्या मनात त्याच्या ढगांनी घडली. पण कोमालाला आभाळाचे वैभव कुठून आणायचे? रुल्फोने स्वतः काढलेली छायाचित्रे शोधून पाहा. पडक्या भिंती, रिकामे चौक, पाठमोऱ्या बायका. त्यांत कोणीही तुला भुरळ घालायला उभे नाही. रोद्रिगो प्रिएतोने २०२४ साली केलेला ‘पेद्रो पारामो’ अधिक प्रामाणिक आहे. छायाचित्रणात नावाजलेल्या या माणसाचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. कादंबरीतल्या काळाच्या उड्या त्याने सरळ करून टाकल्या नाहीत, हे मला आवडले. तरीही तो पाहताना मला कुजबुजीपेक्षा चित्रेच जास्त आठवत राहिली. कदाचित हा माझ्या वयाचाही दोष असेल.

तुझ्यासाठी उपयोगाचे आहेत ते दोन छोटे चित्रपट. अंतोनिओ रेइनोसोचा ‘एल देस्पोहो’ (१९६०) जेमतेम दहा-बारा मिनिटांचा आहे आणि त्याची गोष्ट रुल्फोचीच. दुसरा रुबेन गामेसचा ‘ला फोर्मुला सेक्रेता’ (१९६५). त्याला कथानक असे नाहीच. दारिद्र्यावरचे रुल्फोचे शब्द कवी हाइमे साबिनेसच्या आवाजात ऐकू येतात आणि कॅमेऱ्यासमोर गरीब शेतकरी नुसते उभे राहून आपल्याकडे पाहतात. ओठ कोणाचेच हलत नाहीत. आवाज आणि देह यांची गाठ सोडवली, की रुल्फो पडद्यावर श्वास घेऊ लागतो, हे मला त्या चित्रपटात प्रथम समजले. तू तो दोनदा पाहा; त्यांतल्या एका वेळी पडद्याकडे पाठ करून नुसता ऐक.

‘सोन्याचा कोंबडा’ या त्याच्या लघुकादंबरीवरचे दोन चित्रपट मात्र शेजारी ठेवून पाहावेत. रोबेर्तो गावाल्दोनच्या १९६४ सालच्या चित्रपटाच्या पटकथेवर गावाल्दोनबरोबर फुएन्तेस आणि गाब्रिएल गार्सिया मार्केस या दोघांची नावे आहेत, छायाचित्रण पुन्हा फिगेरोआचे. त्यात जत्रेचे रंग आहेत, लुचा व्हियाची गाणी आहेत, आणि झुंजीचा कोंबडा हाती लागल्याने नशीब फळफळलेला गरीब दवंडीवाला आपल्याला गोड वाटतो. १९८६ साली आर्तुरो रिप्स्टाइनने पास अलिसिया गार्सियादिएगोच्या पटकथेवर तीच गोष्ट केली, तेव्हा जत्रा कळकट झाली आणि नशीब हे एखाद्या रोगासारखे माणसाला पोखरू लागले. रिप्स्टाइन मूळ मजकुराशी बऱ्याच ठिकाणी फारकत घेतो. तरी मला तोच रुल्फोच्या अधिक जवळचा वाटतो, कारण त्या गरिबीकडे तो पाहुण्यासारखा पाहत नाही.

तू निवडलेल्याच कथेवर फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा रायशेनबाखने १९७५ साली चित्रपट केला आहे. तो आत्ता पाहू नकोस. तुझा मसुदा पुरा झाल्यावर पाहा, म्हणजे उसनवारी टळेल.

एक व्यवहाराची गोष्ट. रुल्फो १९८६ साली गेला, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात. मेक्सिकोत तर त्याहून अधिक. सराव म्हणून चित्रित केलेस तरी ते महोत्सवात पाठवण्यापूर्वी परवानगी लागेल, हे निर्मात्याचे पैसे खर्च होण्याआधी त्याला सांग.

आता आराखड्याकडे वळू. कॅमेरा बापाच्या उंचीवर आण आणि तिथून हलवू नकोस. मुलाचा चेहरा आपल्याला दिसता कामा नये, कारण तो बापालाही दिसत नाही. त्याचे पाय, लोंबणारा हात आणि वरून येणारी, क्रमाने तुटत जाणारी उत्तरे एवढेच पुरे. बापाच्या अंगावर थेंब पडतात तेव्हा ते अश्रू की रक्त, हे रुल्फोने सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस. ध्वनी आधी लिहून काढ: बापाचा श्वास, दगडांवर घसरणारी पावले आणि झाकलेल्या कानांच्या आतला तो बुजलेला घुमारा. बोटे सुटेपर्यंत एकाही कुत्र्याचा आवाज ध्वनिपट्टीवर येता कामा नये. सुटल्यावर मात्र तो इतका जवळून येऊ दे, की कुत्री कितीतरी वेळ भुंकत होती हे प्रेक्षकाला त्या क्षणी उमगावे. असा नवा मसुदा झाला की पाठव. त्यात चित्रांचे वर्णन नसले तरी चालेल.

तुझा,
शुभचिंतक