तीन टक्के कमी झाले, ते डोळ्यात की मशीनमध्ये?

प्रश्न : माझी मुलगी इंदूरला बारावीत आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलंय. तिच्या आजोबांना बरीच वर्षं मधुमेह आहे, हल्ली मोतीबिंदूचीही सुरुवात झाली आहे. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याची ओसीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा नकाशा काढणारी तपासणी) केली, तेव्हा रिपोर्टवर ‘व्हेसल डेन्सिटी’ मागच्या वेळेपेक्षा तीन टक्के कमी आली. मुलीने तिथेच विचारलं, ‘हे आजोबांच्या डोळ्यात कमी झालं की मशीनमध्ये?’ तेव्हापासून तिला हे मोजायचं शास्त्रच शिकायचंय, डॉक्टर व्हायचं नाही. घरचे म्हणतात, डोळ्यांचंच काम करायचं तर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा दे. काय करावं?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

ताई,

मुलीचा प्रश्न पोरकट समजू नका. डोळ्यांच्या इमेजिंगमधलं बरंच संशोधन नेमकं याच प्रश्नाभोवती चालतं, आणि ते करणारे सगळेच काही डॉक्टर नसतात.

आजोबांच्या रिपोर्टबद्दल त्यांच्या डॉक्टरांशीच बोला, ते मी सांगणार नाही. पण तो आकडा कसा तयार होतो हे तुम्हाला कळलं, तर मुलीचा ओढा कुठे आहे तेही कळेल. मधुमेहात पडद्यातल्या बारीक केशवाहिन्या हळूहळू बंद पडतात. त्यांची जाडी जेमतेम 5 ते 10 मायक्रॉन. पूर्वी त्या पाहायच्या तर हाताच्या शिरेत फ्लुरोसीन नावाचा रंग टोचून फोटो काढावे लागत. माणसाच्या डोळ्यावर ही पद्धत यशस्वी करून 1961 मध्ये प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि आल्विस या दोघांनी. तेव्हा ते वैद्यकीय विद्यार्थी होते. रंग कुठे झिरपतोय हे पाहण्यासाठी ती तपासणी आजही लागते.

ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहरन्स टोमोग्राफी, 1991 मध्ये आली. तिच्यात प्रकाश आत सोडून परतणाऱ्या लहरींवरून पडद्याचे थर दिसतात. ओसीटी अँजिओग्राफीत एकाच जागेचं स्कॅन काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतात. स्थिर ऊती दर वेळी तशीच दिसते, वाहणाऱ्या रक्तपेशींमुळे मात्र सिग्नल बदलतो. जिथे बदल, तिथे रक्तवाहिनी. म्हणजे तुम्ही पाहिलेला रंगीत नकाशा हा फोटो नसून गणिताने काढलेला फरक आहे. त्यातला किती भाग रक्तवाहिन्यांनी व्यापलाय याची टक्केवारी म्हणजे व्हेसल डेन्सिटी.

आता मुलीच्या शंकेकडे येऊ. मोतीबिंदू वाढला की सिग्नल क्षीण होतो आणि बारीक वाहिन्या असूनही नकाशात उमटत नाहीत. डोळा कोरडा असेल, नजर हलली असेल, तरी तेच. चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर डोळा लांब असतो. मशीन सर्वसाधारण लांबी धरून चाललं, तर 3 मिलिमीटरचा म्हणून छापलेला चौकोन प्रत्यक्षात 3 मिलिमीटरचा नसतो. दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे तर एकमेकांशेजारी ठेवूच नयेत. पडद्याच्या मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास एक जागा असते, तिथे रक्तवाहिन्याच नसतात. मधुमेहात ती मोठी होऊ लागते, पण निरोगी माणसांतही तिचा आकार इतका वेगवेगळा असतो की एकाच मापावरून निकाल देता येत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत रक्तवाहिन्या किती फुगल्या आणि नागमोडी झाल्या यावरही उपचार ठरतात, आणि ‘किती’ यावर अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही. इतकं महत्त्वाचं माप अजून नजरेच्या अंदाजावर चालतं, हे मला फार बोचतं. असं माप पक्कं करणारी माणसं हवी आहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत : केवळ डोळ्यांचं नाव आलं म्हणून तिला नीटकडे ढकलू नका. एमबीबीएस, मग एमएस, मग रेटिनाची, म्हणजे पडद्याची, फेलोशिप हा दहा वर्षांच्या आसपासचा रस्ता आहे. रुग्णाशी बोलावं, शस्त्रक्रिया करावी असं जिला वाटतं तिच्यासाठी तो उत्तम. तुमची मुलगी रुग्णापेक्षा आकड्याकडे वळली आहे. त्यात कमीपणा काही नाही.

तिच्यासाठी मी पहिली पसंती बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगला देईन. तुमच्या इंदूरच्याच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजात बायोमेडिकल आहे, प्रवेश जेईई मेनवर. आयआयटी इंदूरमध्ये जैवविज्ञान आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा मिळून एक विभाग आहे, पुढे पीएचडीसाठी तो लक्षात ठेवा. भौतिकशास्त्र मनापासून आवडत असेल तर बीएस्सी करून ऑप्टिक्सकडे जाणंही तितकंच चांगलं, कारण ओसीटी मुळात प्रकाशाचंच शास्त्र आहे. तिसरा रस्ता ऑप्टोमेट्रीचा. रोज डोळे तपासायचे, मशीनवर हात बसवायचा आणि मग संशोधनात शिरायचं, असं करणारे लोक आहेत. मात्र आरोग्याशी संलग्न व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्यानंतर या अभ्यासक्रमांचे नियम बदलत आहेत, तेव्हा प्रवेशाच्या अटी आणि कालावधी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातूनच बघा. नुसता ‘एआय’चा छोटा कोर्स विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर पैसे घालू नका. प्रकाश, संख्याशास्त्र आणि डोळ्याची रचना येत नसेल तर त्या कोर्सचा उपयोग नाही.

निर्णयाआधी तिला एक काम करून पाहू द्या, पण बोर्डाची परीक्षा झाल्यावर. ‘ड्राइव्ह’ नावाचा नेदरलँड्समधला पडद्याच्या 40 फोटोंचा संग्रह अभ्यासासाठी उपलब्ध आहे. त्यातल्या 20 फोटोंवर दोन वेगवेगळ्या माणसांनी हाताने रक्तवाहिन्या रेखाटल्या आहेत. फिजी हे फोटोंवर मोजमाप करायचं मोफत सॉफ्टवेअर घ्यायचं आणि कॉम्प्युटरला कामाला लावण्याआधी ही दोन माणसंच एकमेकांपासून किती वेगळी पडतात ते मोजायचं. त्यात ती रमली, तर तुम्हाला माझ्या सल्ल्याची गरज उरणार नाही. कंटाळली, तर तेही आत्ताच कळलेलं बरं. पुढच्या टप्प्यावर नांदेडचा संग्रह घ्यावा. तिथल्या नेत्र चिकित्सालयातले मधुमेहींचे 516 फोटो 2018 मध्ये संशोधकांसाठी खुले झाले आणि जगभर वापरले गेले.

नोकरीचं विचाराल, तर बेंगळुरूच्या फोरस आणि रेमिडिओ या कंपन्या पडद्याचे कॅमेरे बनवतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत इंजिनिअर डॉक्टरांसोबत उपकरणं घडवतात. रुग्णालयांत इमेजिंग सांभाळणारे लागतात, मशीन विकणाऱ्या कंपन्यांना ते शिकवणारे लागतात. पहिल्या पगाराची तुलना आयटीशी कराल तर तो कमीही वाटू शकेल, आणि संशोधनातच राहायचं तर एमटेक किंवा पीएचडी धरून चाला. पदवी इंदूरला, घरी राहून होईल. त्यानंतर बहुधा तिला हैदराबाद, चेन्नई किंवा बेंगळुरूला जावं लागेल. हे तिच्या आजोबांशीही आत्ताच बोलून ठेवा.